एसएसडी मधूनच गायब होते? नवी घेण्याआधी हे तपासा

‘एसएसडी (पीसीतली चिपांवर साठवण करणारी ड्राइव्ह) गेलीय, नवी टाकून द्या’ असं सांगत लोक कॅबिनेट काउंटरवर आणून ठेवतात. उघडून पाहिलं तर बऱ्याचदा एसएसडी ठणठणीत असते. दोष निघतो केबलमध्ये, मदरबोर्डच्या सेलमध्ये, नाहीतर एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात. तरीही नवी एसएसडी बसवली की पीसी चालतो, कारण ती बसवताना केबल काढून पुन्हा घट्ट लावली जाते आणि बायोसची (पीसी सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरची) सेटिंगही नव्याने केली जाते. मूळ दोष आहे तिथेच राहतो. महिन्याभरात नवीही गायब व्हायला लागते आणि मग शिव्या खाते कंपनी.

म्हणून आधी तपासण्या, त्याही फुकटातल्या आणि सोप्या असतील त्या अगोदर. खरेदीचं शेवटी बघू.

लक्षणं

- सुरू करताना काळ्या पडद्यावर ‘नो बूट डिव्हाइस’ येतं. बंद करून पुन्हा चालू केलं की विंडोज उघडतं.
- काम चालू असताना सगळं गोठतं. माउस हलतो, पण काहीच उघडत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते आणि वाचन-लेखनाचा वेग मात्र जवळजवळ शून्य.
- कधीमधी निळा पडदा येतो, आणि रीस्टार्ट झाल्यावर बायोसमध्ये ड्राइव्हचं नावच नसतं.
- मोठी फाइल कॉपी करताना सुरुवातीला वेग झकास, मग एकदम घसरगुंडी.
- डिलीट केलेल्या फाइली रीस्टार्टनंतर परत येऊन बसतात.
- बायोसमध्ये कंपनीच्या नावाऐवजी ‘साटाफर्म एस११’ असलं काहीतरी दिसतं, किंवा ५०० जीबीच्या ड्राइव्हची क्षमता काही एमबीच दिसते.

शेवटच्या दोन लक्षणांपैकी एकही असेल तर पुढच्या तपासण्यांत वेळ घालवू नका, सरळ ‘कुठे थांबायचं’ या भागाकडे जा. बाकीच्यांनी एक काम आत्ताच करायचं: ड्राइव्ह दिसतेय तोवर कामाच्या फाइली, फोटो, टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घ्या. जुनी हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा खडखड करून सांगते. एसएसडी काल रात्रीपर्यंत चालते आणि सकाळी उठत नाही.

१. घड्याळ बघा

पीसी सुरू झाल्यावर तारीख बरोबर आहे का? तारीख भलतीच दिसत असेल, वेबसाइटी सुरक्षिततेची सूचना देत असतील किंवा सुरू होताना ‘एफ१ दाबा’ असं येत असेल, तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर २०३२ नावाचा रुपयाच्या नाण्यासारखा हा सेल घड्याळाच्या किंवा मोबाइलच्या दुकानात सहज मिळतो.

एसएसडीचा याच्याशी काय संबंध? आपल्याकडे बहुतेक घरांत रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात. सेल चांगला असेल तर बायोसची सेटिंग टिकते. संपला असेल तर रोज सकाळी बायोस कारखान्यातून आल्यासारखा कोरा होतो. मग जुन्या बोर्डांत साटाचा (केबलने ड्राइव्ह जोडायच्या पद्धतीचा) मोड बदलतो, बूटचा क्रम बदलतो आणि विंडोज ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत निळा पडदा दाखवतं. ‘सकाळी पहिल्यांदा लावलं की होतं, दिवसभर नाही’ अशी तक्रार असेल तर मी कॅबिनेट उघडायच्या आधीच सेल हातात घेतो.

एक सावधगिरी. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बायोसमध्ये काही बदललं की पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. बायोसला हात लावण्याआधी ती लिहून घ्या.

२. जागा किती उरलीय?

सी ड्राइव्ह लाल झालेली असेल तर आधी ती मोकळी करा. पंधरा-वीस टक्के जागा रिकामी हवी. एसएसडी नवीन लेखन आधी एका वेगवान कप्प्यात घेते आणि मागाहून सावकाश जागेवर लावते. हा कप्पा बऱ्याच ड्राइव्ह रिकाम्या जागेतूनच काढतात. जागा नसेल तर कप्पा आक्रसतो, आणि स्वस्त ड्राइव्ह जुन्या हार्ड डिस्कपेक्षाही हळू लिहायला लागते. वरच्या यादीतली कॉपीची घसरगुंडी बहुतेक वेळा हीच असते. तो बिघाड नाही.

याच जोडीला विंडोजमध्ये ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ उघडा. ड्राइव्हसमोर ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलेलं असलं पाहिजे. ‘ऑप्टिमाइझ’ दाबलं की ट्रिमचा आदेश जातो, म्हणजे कुठली जागा आता कामाची नाही हे ड्राइव्हला कळतं. बाहेरून आणलेली डीफ्रॅगची सॉफ्टवेअरं मात्र काढून टाका. एसएसडीला त्यांचा उपयोग काहीच नाही, झीज फुकटची.

३. केबल

एसएसडीची सर्वांत जास्त बदनामी केबलमुळे होते.

भिंतीचं बटण बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मग काम सुरू करा. साटाची डेटा केबल दोन्ही टोकांनी काढून नीट बघा. तिच्या तोंडातली फट इंग्रजी एलसारखी असते आणि एसएसडीवरची प्लॅस्टिकची जीभही तशीच. कोणीतरी केबल तिरकी ओढलेली असते, त्या जिभेला केसाएवढी चीर गेलेली असते. वरून सगळं बसल्यासारखं दिसतं, पण पंख्याची थरथर लागली की संपर्क तुटतो. क्लिप नसलेल्या जुन्या लाल केबली तर आपोआपच सैल होतात. क्लिपवाली नवी केबल लावा आणि मदरबोर्डवरचं पोर्टही बदला. दोन्ही एकदम बदलायला हरकत नाही, आपल्याला पीसी चालवायचाय, प्रबंध लिहायचा नाही.

पॉवरच्या बाजूला बघायची गोष्ट म्हणजे चार पिनांच्या जुन्या कनेक्टरवरून साटा करणारं कनव्हर्टर. असेंबल्ड पीसीत ते सर्रास सापडतं. ते काढा आणि एसएमपीएसमधून थेट आलेली साटाची वायर लावा. ओतीव प्लॅस्टिकची कनव्हर्टरं आतून शॉर्ट होऊन वितळतात, जळतातही.

लॅपटॉपमध्ये डीव्हीडी काढून त्या जागी कॅडी (ड्राइव्ह बसवायची चौकट) बसवून एसएसडी घातली असेल, तर संशय आधी कॅडीवर घ्या. एसएसडी मूळ हार्ड डिस्कच्या जागी हलवा आणि हार्ड डिस्क कॅडीत टाका. बरेच लॅपटॉप एवढ्यावर सुधारतात.

एम.२ प्रकारची, म्हणजे केबलशिवाय थेट मदरबोर्डवर बसणारी पट्टी असेल तर स्क्रू काढा, पट्टी बाहेर घ्या आणि पुन्हा पूर्ण आत सरकवून स्क्रू लावा. स्क्रू हरवला म्हणून चिकटपट्टीने दाबून ठेवलेल्या पट्ट्या मी भरपूर पाहिल्यात. उन्हाळ्यात डिंक सुटतो आणि पट्टी वर उचलली जाते.

४. ड्राइव्हचं स्वतःचं म्हणणं

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका. वरचा निळा ‘गुड’ पाहून लगेच बंद करू नका, खालचे आकडे महत्त्वाचे. साटा ड्राइव्हचे आकडे आधी सोळाच्या पायात दिसतात आणि माणूस घाबरतो. फंक्शन, ॲडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज इथे जाऊन दहाचा पाया निवडा, मग ते वाचता येतील.

साटा ड्राइव्हमध्ये ‘सी७’ ही ओळ शोधा. ड्राइव्ह आणि बोर्ड यांच्यामध्ये वाटेत किती वेळा डेटा खराब झाला, ते इथे मोजलं जातं. एकदा वाढलेला हा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही, त्यामुळे तो मोठा दिसला म्हणून निष्कर्ष काढू नका. आज लिहून ठेवा, केबल बदला, आठवड्याने पुन्हा बघा. वाढायचा थांबला असेल तर दोष केबलचा होता आणि एसएसडी निर्दोष सुटली. ‘०५’ या ओळीतला आकडा मात्र आठवड्या-आठवड्याला वाढत असेल तर आतल्या चिपा झिजतायत, केबल बदलून काही व्हायचं नाही.

एनव्हीएमई (साटाहून वेगवान पद्धतीच्या) ड्राइव्हमध्ये चार ओळी बघायच्या. ‘पर्सेंटेज यूज्ड’ म्हणजे कंपनीने धरलेल्या आयुष्यातलं किती वापरलं. ‘अव्हेलेबल स्पेअर’ म्हणजे राखीव साठा, तो शंभराजवळ हवा. ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्यच हवं. आणि ‘अनसेफ शटडाउन्स’, म्हणजे वीज अचानक गेल्याची नोंद. हा आकडा दर आठवड्याला वाढत असेल तर यूपीएसची बॅटरी तपासा. घरगुती एसएसडीत वीज गेल्यावर हातातलं लेखन पूर्ण करण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर सहसा नसतात. ऐन लिहिताना झटका बसला तर तिचा आतला नकाशाच विस्कटू शकतो.

शंका राहिलीच तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि विंडोज लॉग्जमधल्या सिस्टिममध्ये १२९, १५३ आणि ७ हे क्रमांक शोधा. १२९ आणि १५३ म्हणजे ड्राइव्हने वेळेत उत्तर दिलं नाही, म्हणून पुन्हा हाक मारावी लागली. तिथे संशय केबल, पॉवर, फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) यांच्यावर घ्यायचा. ७ म्हणजे ड्राइव्हवरची जागाच खराब.

५. पॉवर सेटिंग आणि फर्मवेअर

एनव्हीएमई पट्टी पीसी थोडा वेळ नुसता पडून राहिल्यावरच गायब होत असेल, तर पॉवर ऑप्शन्समधलं ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करून आठवडाभर बघा. काही ड्राइव्ह आणि काही बोर्ड यांचं झोपण्या-उठण्यावरून जमत नाही. मामला तेवढाच असतो.

फर्मवेअरकडे लोक ढुंकून बघत नाहीत. क्रुशलच्या एम४ या ड्राइव्हचं उदाहरण जुनं आहे, पण ते माहीत असावं. एकूण ५,१८४ तास चालली की ती गोठायची. रीस्टार्ट केल्यावर तासभर नीट, मग पुन्हा तेच. चिपा धडधाकट होत्या, मोजणीतली चूक होती. जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या नव्या फर्मवेअरने दुखणं संपलं. २०२३ च्या सुरुवातीला सॅमसंगच्या ९८० प्रो ड्राइव्ह जुन्या फर्मवेअरमुळे अचानक फक्त वाचण्यापुरत्या उरायला लागल्या. तिथे नवं फर्मवेअर वेळेत टाकलेल्यांच्या वाचल्या, आधीच अडकलेल्यांना त्याचा उपयोग झाला नाही.

त्यामुळे सॅमसंग मॅजिशियन, क्रुशल स्टोरेज एक्झिक्युटिव्ह असं ज्या कंपनीची ड्राइव्ह तिचं सॉफ्टवेअर टाका आणि अपडेट आहे का बघा. बॅकअप काढलेला हवा आणि वीज जायची भीती नको. पावसाळ्यात, गडगडत असताना हे काम करू नका.

६. तापमान

फक्त गेम खेळताना किंवा व्हिडिओ रेंडर करताना अडकत असेल तर तापमान बघा. एनव्हीएमई पट्टी सत्तर-ऐंशी अंशांच्या घरात गेली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली असलेल्या स्लॉटमध्ये हे हमखास होतं. हीटसिंक असेल तर तो काढून बघा, थर्मल पॅडवरचा पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा तसाच राहिलेला असतो. उष्णता बाहेर जायच्या ऐवजी आतच कोंडते.

७. दुसरा पीसी, दुसरा एसएमपीएस

इथपर्यंत येऊनही त्रास चालू असेल तर ड्राइव्ह दुसऱ्या पीसीला चार-पाच दिवस लावा. तिथे नीट चालली तर दोषी तुमचा बोर्ड नाहीतर एसएमपीएस. अडीच इंची एसएसडी पाच व्होल्टवर चालते. ही लाइन ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये राहिली पाहिजे. बायोसमध्ये किंवा एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये आकडा दिसतो, खात्रीचा हवा तर मल्टिमीटरने मोजून घ्यावा लागतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस असेल तर मी मोजत बसत नाही, चांगला लावून बघतो.

कुठे थांबायचं

विंडोजने जुन्या, भरलेल्या ड्राइव्हसाठी ‘इनिशियलाइझ डिस्क’ किंवा ‘फॉरमॅट करू का’ असं विचारलं तर कॅन्सल करा. नव्या ड्राइव्हला हा प्रश्न योग्य आहे, जुन्याच्या बाबतीत तो धोक्याचा.

डिलीट केलेल्या फाइली परत येत असतील, तर ड्राइव्हने लेखन बंद करून घेतलंय. ही तिची शेवटची सभ्य कृती समजा. एकदाच लावून सगळं कॉपी करा आणि काढून ठेवा. दुरुस्तीची सॉफ्टवेअरं चालवू नका.

ड्राइव्ह दोन वेगवेगळ्या पीसींवर बायोसमध्येही दिसत नसेल, चुकीचं नाव किंवा क्षमता दाखवत असेल आणि आतल्या डेटाचा बॅकअप नसेल, तर डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या, कोपऱ्यावरच्या दुकानात नाही. माझ्यासारख्या दुकानदाराकडेही नाही. प्रयोगशाळेकडून आधी निदान आणि खर्चाचा अंदाज लेखी घ्या. डिलीट झालेलं आणि वर ट्रिम होऊन गेलेलं परत आणून देतो असं कोणी छातीठोक सांगत असेल तर तिथून निघा. डेटाशी देणंघेणं नसेल आणि वॉरंटी असेल तर विषय सोपा: बिल घेऊन सर्व्हिस सेंटर.

एसएमपीएस घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंगसाठी वायरमनला बोलवा. लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेलेला दिसला तर बॅटरी फुगलीय. तो चालूही करू नका, उघडूही नका.

घ्यायचीच ठरली तर

आधी काय बसतं ते बघा. एम.२ च्या पट्ट्या दिसायला सारख्या, पण काही साटाच्या असतात, काही एनव्हीएमईच्या. टोकाला दोन खाचा असलेली बहुधा साटा, एक खाच असलेली बहुधा एनव्हीएमई. तुमचा स्लॉट कुठली घेतो ते मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये असतं. काही बोर्डांत एम.२ लावली की साटाचं एखादं पोर्ट बंद पडतं, तेही तिथेच लिहिलेलं असतं. बऱ्याच जुन्या बोर्डांना एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करता येत नाही. त्यांनी अडीच इंची साटा घ्यावी आणि सुखी राहावं.

खोक्यावरच्या वेगाला भुलू नका. साटाची धाव साधारण ५५० एमबी प्रतिसेकंद, एनव्हीएमईची कित्येक हजार, पण ऑफिसचं काम आणि ब्राउझर यांत तो फरक हाताला जाणवत नाही. टिकाऊपणाचा अंदाज दुसऱ्या आकड्यांतून येतो: वॉरंटी किती वर्षांची आणि टीबीडब्ल्यू, म्हणजे किती टेराबाइट लेखनापर्यंत कंपनी जबाबदारी घेते. उदाहरणाला १ टीबीच्या दोन ड्राइव्ह बघू. डब्ल्यूडी ब्लू एसएन५८० ला ६०० टीबीडब्ल्यू, क्रुशल पी३ ला २२०. वॉरंटी दोन्हीला पाच वर्षं. फरक येतो कारण पहिलीत टीएलसी चिपा आहेत, एका पेशीत तीन बिट, आणि दुसरीत क्यूएलसी, एका पेशीत चार. जितकी दाटी तितकी झीज लवकर आणि कप्पा भरल्यावरची घसरणही मोठी. तरी घाबरायचं कारण नाही. सॅमसंग ८७० इव्होच्या ५०० जीबीला ३०० टीबीडब्ल्यू आणि पाच वर्षं आहेत. भागाकार केला तर रोजचे १६० जीबीच्या वर लेखन होतं. घरचा पीसी त्याच्या आसपासही जात नाही. माझं मत विचाराल तर विंडोजच्या ड्राइव्हसाठी टीएलसी घ्या, सिनेमे आणि फोटो साठवायला क्यूएलसी चालेल.

स्वतंत्र डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची रॅम) असेल तर उत्तम, विशेषतः साटात. एनव्हीएमईमध्ये ती नसली तरी पीसीच्या रॅममधला थोडा भाग उसना घेऊन बऱ्यापैकी भागतं. क्षमता ५०० जीबी तरी घ्या. २४० जीबीवाल्या वर्षभरात भरतात आणि मग वरचा दुसरा मुद्दा सुरू होतो.

नाव न ऐकलेल्या कंपनीची दोन टीबी निम्म्याहून कमी भावात दिसली तर लांब राहा. अशी एक गिऱ्हाइकाने आणलेली उघडली होती. आत बोटाच्या पेराएवढा बोर्ड, त्यावर एक मायक्रोएसडी कार्ड आणि ते हलू नये म्हणून गरम डिंकाचा गोळा. विंडोजला ती दोन टीबीच दिसायची. खऱ्या जागेपलीकडे कॉपी केलेलं सगळं गुपचूप नाहीसं व्हायचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या, पुण्याच्या तपकीर गल्लीतून घ्या, नाहीतर ऑनलाइन, पण विक्रेता कोण ते बघा. जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की बहुतेक ठिकाणी वॉरंटी कधीपर्यंत ते दिसतं.

घरी आणल्यावर, विंडोज टाकण्याआधी, क्रिस्टलडिस्कइन्फोत चाललेले तास बघा. नव्याचे शेकड्यात असतील तर ती नवी नाही. मग एच२टेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरने पूर्ण जागा एकदा भरून वाचून घ्या. वेळ लागतो, पण बनावट क्षमता लगेच उघडी पडते आणि परत करायची मुदतही तोवर हातात असते. स्टिकर सोलू नका, वॉरंटी जाते. बिल थर्मल कागदावरचं असेल तर त्याचा आणि सिरियल नंबरचा फोटो त्याच दिवशी काढून स्वतःला मेल करा, वर्ष-दोन वर्षांत तो कागद कोरा पडतो.